सतरा नंबरच्या कुंड्या

ह्यांना कावीळ झाली आणि गच्चीवरच्या बारा कुंड्या माझ्याकडे आल्या.

हे म्हणजे माझे यजमान, हरिहर पेंढारकर. विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे रीडर. आम्ही मूळचे मिरजेचे. लखनौला येऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. निशातगंजला खाली मालकांचं कापडाचं दुकान, मधे आम्ही, वर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली. तिकडे तिला बरसाती म्हणतात. बरसातीला तीन बाजूंनी बारीक जाळी होती. विद्यापीठातल्या जाळीघराची जाळी माकडांनी फाडली तेव्हा ह्यांनी कुंड्या घरी आणायचं ठरवलं. लॅबमधले जगदीशबाबू दोन सायकलरिक्षा करून आले आणि एकेक कुंडी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून दोन जिने चढले. बाराव्या कुंडीनंतर पायरीवरच बसले.

"भाभीजी, इसमें गेहूँ नहीं है. साहब की प्रोफेसरी है."

खरंच होतं ते. प्रोफेसरची जागा तीनदा निघाली आणि तीनदा दुसऱ्याला गेली. हे त्याबद्दल बोलत नसत. फक्त यादी लागली की त्या दिवशी जेवताना भात दोनदा मागून घेत आणि तसाच ताटात टाकत.

कुंड्यांत तीन जातींचा गहू होता. अजून नावं पडलेली नव्हती, नंबरच होते : अकरा, चौदा आणि सतरा. प्रत्येकाच्या चार कुंड्या. दोघींना आठवड्यातून दोनदा मोजून पाणी, आणि दोघींना लाल दोरा बांधलेला, त्यांना पाणी नाही. कुठली जात किती दिवस तहान सोसते एवढंच बघायचं होतं. आदल्या वर्षी, एकोणऐंशीत, पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. कमी पाण्यावर तग धरणारा गहू कुणाकडे आहे का, असं जो तो विचारत होता. त्यामुळे ह्यांच्या कामाकडे पहिल्यांदाच कुणाचं तरी लक्ष होतं. आणि तेवढ्यात पौषात ह्यांचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर अंथरूण, तेलतूप बंद, जिना चढायचा नाही.

"लाल दोऱ्याला पाणी नाही. थेंबसुद्धा नाही," हे उशीवरून म्हणाले.

"दहादा सांगितलंत."

"अकराव्यांदा सांगतो. तुला दया येते. मागे त्या भिंतीतल्या पिंपळाला पाणी घालत होतीस."

"पिंपळ होता तो."

"आणि भिंत मालकांची होती."

"बाबा, आई को चार्ज दे दिया ना? अब सो जाओ," आतून मृणाल ओरडली. आमची मुलगी, पंधरा वर्षांची. मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर हिंदीतच यायचं.

ह्यांनी मला एक वही दिली. रोज सकाळी प्रत्येक कुंडीपुढे लिहायचं : पानाचा रंग कसा, पान गुंडाळलंय का, पाणी किती घातलं. माझं अक्षर बरं आहे. मी रेघा मारून घेतल्या आणि लिहायला लागले.

माझा नेम साधा आहे. पहाटे स्नान, पूजा, अकरा माळा जप, आणि देवांच्या स्नानाचं पाणी तुळशीला घातल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. त्यातलं पळीभर आपण तीर्थ म्हणून घ्यायचं, घरातल्यांना द्यायचं, उरलेलं तुळशीला. ते मोरीत जाऊ द्यायचं नाही आणि कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही.

त्या पौषात पाला पडला, गोठलेल्या दवाला तिकडे तसं म्हणतात. तुळस थंडीने जाऊ नये म्हणून मी तिचा डबा बरसातीच्या कोपऱ्यात आणून ठेवला होता, तरी ती एका रात्रीत काळी पडली. मृणालला बरोबर घेऊन गोमतीत सोडून आले. डबा उचलताना त्याचा गंजका तळच निघून आला. थंडी सरेपर्यंत नवं रोप लावण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपली, तांब्या घेऊन वर गेले आणि कोपऱ्यात उभी राहिले. तिथे कुणाचा पाय पडत नाही म्हणून तर तुळस तिथे ठेवली होती. आता जमिनीवर गंजाचा गोल डाग होता आणि त्याला लागून सतरा नंबरच्या दोन कुंड्या, लाल दोऱ्याच्या. मी अर्धं अर्धं पाणी त्यांत घातलं, हात जोडले आणि वहीत लिहिलं : सतरा, लाल दोरा, पाणी नाही.

मी खोटं लिहीत नव्हते. महिन्याच्या दोन्ही एकादश्यांना मी निर्जळी करते. बारस सोडेपर्यंत पाणी घेत नाही, पण तीर्थ घेते. तीर्थाने निर्जळी मोडत नाही. माझ्या आईची मोडत नव्हती, सासूबाईंची मोडत नव्हती. तीर्थ पाण्यात धरायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. मोजायच्या भांड्यातून देतात ते पाणी. ते मी लाल दोऱ्याच्या कुंडीला एकदाही दिलं नाही. चौदाची पानं सुईसारखी गुंडाळली तेव्हा जीव कळवळला माझा, तरी दिलं नाही. उलट मला वाटत होतं, मी चांगली परीक्षा देतेय.

असे एकवीस दिवस गेले. मग माझ्या मैत्रिणीने, सुनेत्राने, छावणीतून तुळशीचं एक रोप पाठवलं. ते मी खाली, देवघराजवळच्या खिडकीत ठेवलं आणि पाणी तिकडे जाऊ लागलं. त्यानंतर चौथ्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना जिना चढायची परवानगी दिली.

हे कठड्याला धरून वर आले. बरसातीच्या दारात थांबले. अकरा आणि चौदाच्या लाल दोऱ्याच्या कुंड्यांत नुसतं काड होतं. सतराच्या दोन्ही कुंड्यांत गहू उभा होता, हिरवा. ह्यांनी मातीत बोट घातलं. माती कोरडी, वर भेगा पडलेल्या. तीन दिवस कोरडी होती ती, पण हे त्यांना कसं कळावं! त्यांनी पुन्हा बोट घातलं. मग वही मागितली आणि माझ्या अक्षरातली ओळ अन् ओळ बोटाने वाचत गेले. पाणी नाही. पाणी नाही. पाणी नाही.

"लीला," हे म्हणाले, "हे बघतेस ना तू?"

"बघते की. रोजच बघतेय."

"नाही, तू बघत नाहीयेस." आणि महिनाभर अंथरुणावर असलेला माणूस दोन पायऱ्या एकदम उतरून खाली गेला.

पुढचे दहा दिवस आमच्या घरात कुणी हळू बोललं नाही. जगदीशबाबू सकाळ-संध्याकाळ यायला लागले. विभागप्रमुख घरी येऊन गेले. ह्यांचं म्हणणं होतं की दोनच कुंड्या आहेत, पुढच्या वर्षी पुन्हा करून बघू आणि मग बोलू. प्रमुखांनी ते हसण्यावारी नेलं. शनिवारी विद्यापीठात मोठी सभा होती. मेडिकलचं एक काम, पदार्थविज्ञानाचं एक आणि शेतीचं एक, अशी त्या वर्षीची तीन कामं मांडायची होती. बाहेरून माणसं येणार होती. जिल्ह्याजिल्ह्यांचे शेती अधिकारी येणार होते.

"पेंढारकर, सूखे का साल है," ते म्हणाले. "लोग सुनना चाहते हैं. अगले साल कौन सुनेगा? आप बस 'प्रारंभिक' लिख दीजिए ऊपर." आणि जिन्यात मला हळूच म्हणाले, "भाभीजी, अबकी बार मिठाई तैयार रखिए."

ह्यांनी निबंध लिहिला. रोज रात्री जेवणानंतर मला वाचून दाखवत. इंग्रजीतलं मला समजावं म्हणून एकेक वाक्य मराठीत सांगत. "महिनाभर पाण्याचा थेंबही न मिळता," हे म्हणत आणि माझ्याकडे बघत. मीही मान हलवत होते. मला खरोखर आनंद होत होता.

माघ वद्य एकादशीला मी छावणीत गेले. सुनेत्राचे यजमान मेजर, कोल्हापूरची मंडळी. दर एकादशीला तिच्याकडे आम्ही चार-पाच जणी भजनाला जमत असू. सुनेत्रा स्वतः काही पाळत नाही, पण सगळ्यांचं हौसेने करते. भजन झालं, तिने सगळ्यांना चहा दिला आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"निर्जळी आहे गं माझी."

"माहितेय हो. ताईंचं आपलं दर महिन्याला दोनदा." पेला तिने बाजूला ठेवला. मग तिच्या देवापुढची वाटी आणली. मी पळीभर तीर्थ हातावर घेतलं, प्यायले, हात डोक्यावरून फिरवला. माझी पळी फार मोठी होती की काय कोण जाणे, तिने वाटीत डोकावून बघितलं.

"लीलाताई, रागावू नका. पण हे काय मग? पाणीच नाही का?"

"तीर्थ आहे ते."

"अहो, तीर्थ देवासाठी. घशाला काय कळतंय त्यातलं? घसा ओला झाला ना?" बाकीच्या हसल्या. "आमचे हे बघा, रम औषध म्हणून घेतात. म्हणून काय चढत नाही होय!"

मीसुद्धा हसले. मग ओला तळहात पदराला पुसला आणि सगळ्यांच्या आधी निघाले.

परतताना रिक्षात मी नीट बसू शकले नाही. छावणीतले रस्ते शांत, दोन्ही बाजूंना झाडं, आणि मला वाटत होतं की रिक्षावाला मुद्दाम सावकाश चालवतोय. घसा ओला झाला ना. मी मनात कुंड्या मांडून बघितल्या. अकराला तीर्थ दिलं नव्हतं, मेली. चौदाला दिलं नव्हतं, मेली. सतराला दिलं. हे पहिलीतल्या मुलालाही कळलं असतं.

घरी गेल्यावर चपला न काढता वर गेले. कुंड्या तिथेच होत्या. आता त्यांच्याभोवती जगदीशबाबूंनी पांढरी दोरी लावली होती, फोटो काढायला माणूस येणार होता म्हणून.

त्या रात्री जपाला बसले आणि तिसऱ्या माळेत मोजणं चुकलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकलं. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी ह्यांना मिरजेहून भावाचं पत्र आलं होतं, ते हे मोठ्याने वाचत होते : हरी, आबांना आज तुझा अभिमान वाटला असता. आबा म्हणजे माझे सासरे. मी पोळ्या लाटत राहिले. दुपारी सांगू म्हटलं. दुपारी जगदीशबाबू चिठ्ठ्या छापून घेऊन आले. बारा पुड्या करायच्या होत्या, पाव पाव किलोच्या, लॅबमध्ये साठवलेल्या सतरा नंबरच्या बियाण्याच्या. आलेल्या अधिकाऱ्यांना द्यायच्या, म्हणजे येत्या हिवाळ्यात ते आपापल्या जिल्ह्यात पेरून बघतील.

"कुठे कुठे जाणार?" मी विचारलं.

"हमीरपूर, बाँदा, उरई, सगळा बुंदेलखंड," हे म्हणाले. "जिथे विहिरीसुद्धा आटल्यात तिथे."

मी आत गेले. खिडकीत उभी राहिले. मग बाहेर आले, पुन्हा आत गेले. मृणाल अभ्यास करत होती, तिने वही मिटली.

"आई, क्या हुआ है तुम्हें? दो दिन से चक्कर काट रही हो."

मी तिला सांगितलं. खालच्या आवाजात, तीन वाक्यांत. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा लहान होत गेला.

"रोज?"

"रोज."

"दोनों में?"

"दोन्हीत."

बाहेर हे जगदीशबाबूंना काहीतरी सांगत मोठ्याने हसत होते. मृणालने दार लोटलं. "मत बताना, आई. प्लीज. तुमने सुना नहीं, कैसे हँस रहे हैं? पहले कभी हँसे हैं ऐसे? शनिवार हो जाने दो. फिर अगले साल वो दोबारा करेंगे, अपने-आप पता चल जाएगा."

"आणि मधल्या काळात जे पेरतील ते?"

"पाव किलो ही तो है."

"पाव किलो पेरलं की पुढच्या वर्षी ते दहा किलो होतं गं. आणि लोक त्याच्या भरवशावर दुसरं काही पेरत नाहीत."

"तो तुम्हें इतना पता है तो पानी क्यों डाला?" ती म्हणाली, आणि लगेच रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी सांगितलं. हे आरशासमोर उभे राहून कोट घालून बघत होते. काविळीने बारीक झाले होते, कोट खांद्यांवरून उतरत होता.

"अहो, सतराला मी रोज देवाचं पाणी घालत होते."

"कुठल्या सतराला?"

"लाल दोऱ्याच्या. दोन्ही. तुळस गेली तेव्हापासून, सुनेत्राचं रोप येईपर्यंत."

मला वाटलं होतं हे ओरडतील. एवढ्या वर्षांत चार वेळा ओरडले असतील, मोजून. हे ओरडले नाहीत. कोट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला.

"किती?"

"म्हणजे?"

"पाणी किती, लीला? किती मोजून?"

"मोजून कसं... देवांच्या स्नानाचं असतं तेवढं."

हे उठले आणि मोजायचं काचेचं भांडं घेऊन आले. मला देवघरासमोर बसवलं. म्हणाले, रोज करतेस तशीच कर. मी संध्याकाळची वेळ असून देव ताम्हनात घेतले, रोज घालते तेवढंच पाणी घातलं, पळीभर आपलं, पळीभर ह्यांचं, पळीभर मृणालचं काढलं आणि उरलेलं त्या काचेच्या भांड्यात ओतलं. थोडं सांडलं. हे खाली वाकून रेघ वाचत होते.

"दोनशे दहा. म्हणजे कुंडीला शंभरच्या वर, रोज. आठवड्याला सातशे पस्तीस." मग माझ्याकडे वळून : "ज्यांना पाणी द्यायचं होतं त्यांना आपण आठशे देत होतो."

काचेचं भांडं समोर होतं, त्यात ते पाणी. मला वाटलं ते मोरीत ओततात की काय. ओतलं नाही. उचलून खिडकीतल्या तुळशीपाशी ठेवलं आणि बाहेर निघून गेले, थंडीत, मफलर न घेता.

शुक्रवारी हे प्रमुखांना भेटून आले. प्रमुख आधी चिडले, मग म्हणाले, घर की बात है, घर में रहने दीजिए. तुम्हा नवराबायकोशिवाय कुणाला माहीत आहे? हे ऐकेनात तेव्हा त्यांनी तोडगा काढला : प्रकृतीच्या कारणाने निबंध वाचला जाणार नाही, एवढंच जाहीर करू. कावीळ झाली होती हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

"ते खोटंही नाही," हे मला म्हणाले. आदल्या संध्याकाळपासून माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. माझ्या मनावरचं ओझं थोडं हललं. वाटलं, एवढ्यावर निभावलं.

शनिवारी मी बरोबर गेले, कारण ह्यांना अजून चालताना दम लागत होता. सभागृहाच्या व्हरांड्यात एका टेबलापाशी जगदीशबाबू बसले होते आणि टेबल रिकामं होतं.

"पुड़िया?" ह्यांनी विचारलं.

"बँट गईं, साहब. सुबह ही. बारह की बारह." जगदीशबाबू खुशीत होते. "लोग तो और माँग रहे थे."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हे तसेच उभे राहिले. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. चिठ्ठ्यांवर काय छापलं होतं ते मला पाठ होतं : सतरा, सूखा सहनेवाला.

आम्ही आत जाऊन बसलो. मेडिकलचे एक डॉक्टर पोटातल्या जंतांबद्दल बोलले. पदार्थविज्ञानाचे एक तरुण गृहस्थ काचेवर धातूचा किती पातळ थर चढवता येतो ते सांगत होते. फळ्यावर प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी आणखी एक छोटा आकडा लिहिला होता आणि म्हणाले की एवढी चूक यात असू शकते. मला बाकी काही कळलं नाही, तेवढं कळलं. मांडीवरचे माझे हात एका जागी राहत नव्हते. पदर सारखा करावा, सोडावा, पुन्हा सारखा करावा.

मग प्रमुख उठले आणि म्हणाले की श्रीयुत पेंढारकर यांच्या प्रकृतीच्या कारणाने...

"सर, एक मिनिट," हे म्हणाले, आणि उठून पुढे गेले.

त्यांनी हिंदीतच सांगितलं. मागच्या रांगेतल्या अधिकाऱ्यांना समजावं म्हणून असेल. सतरा नंबरचा गहू पाण्याशिवाय राहिला असं छापलं आहे, ते चूक आहे. त्याला रोज पाणी मिळत होतं. कुणी विचारलं, किसने दिया? हे म्हणाले, "मेरी पत्नी ने. पूजा के बाद ठाकुरजी के स्नान का जल. वे उसे पानी में नहीं गिनती थीं. मैंने मात्रा नाप ली है, दो सौ दस मिलीलीटर रोज."

आधी एकजण हसला. मग सगळं सभागृह हसलं. वाईट हसू नव्हतं ते, लोकांना खरंच मजा वाटली. माझ्या शेजारची बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली आणि मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी खाली बघत होते. प्रमुख हसले नाहीत. ते पंख्याकडे बघत होते, आणि त्यांच्याकडे बघून मला कळलं की चौथी यादीही गेली.

"कृपा करके पुड़िया लौटा दीजिए," हे पुढे म्हणत होते, पण हसण्यात आणि खुर्च्या सरकण्यात ते कुणी ऐकलं नाही. चहाची वेळ झाली होती. माणसं उठून दाराकडे निघाली.

मी उठले आणि त्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिले.

बाजारात भाजीवाल्याला भाव कमी करायला सांगायचं तरी माझा आवाज निघत नाही. मृणाल मला चिडवते त्यावरून. मी पहिल्या माणसापुढे हात पसरला. "भाईसाहब, वो सत्रह नंबर की पुड़िया दे दीजिए." त्याने माझ्याकडे बघितलं, मी कोण ते त्याच्या लक्षात आलं, आणि गडबडून खिशातून पुडी काढून दिली. दुसऱ्याने दिली. तिसऱ्याने पिशवीतून शोधून दिली. पदराच्या ओच्यात मी ठेवत गेले. दहा झाल्या.

अकरावे हमीरपूरचे होते. वयस्कर, कपाळावर चंदनाचा टिळा, बंद गळ्याचा कोट. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि हसून मान हलवली.

"बहनजी, अब तो बिल्कुल नहीं दूँगा. चरणामृत पिया हुआ गेहूँ है. यह तो प्रसाद हुआ."

"नहीं, भैया."

"क्यों? आप ही ने तो पिलाया. मैं तो अपने गाँव के मंदिर के खेत में बोऊँगा. देखिएगा, सूखे में भी खड़ा रहेगा."

ते थट्टा करत नव्हते. ते अगदी माझ्यासारखे होते. त्यांच्या घरात माझ्याच घरासारखं देवघर असणार, ताम्हन असणार. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"वो पानी था, भैया," मी म्हणाले.

"अरे, ऐसे मत कहिए."

"मेरे लिए तीर्थ था. गेहूँ के लिए पानी था. पानी मिला, इसलिए बचा. बाकी दोनों को नहीं मिला, वो मर गए." माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. आजूबाजूची माणसं थांबून ऐकत होती. "आपके खेत में ठाकुरजी को रोज कौन नहलाएगा? यह गेहूँ मामूली गेहूँ है. आप लोगों को इसके भरोसे मत रखिए."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पुडी काढली, कपाळाला लावली आणि माझ्या ओच्यात टाकली. चहाकडे गेले. ते नाराज झाले होते. मी पण माझ्यावर नाराज होते, का ते सांगता येणार नाही. ओच्यातल्या पुड्या मी पुन्हा मोजल्या.

हे माझ्यामागे येऊन उभे होते. केव्हापासून, माहीत नाही.

"किती झाल्या?"

"अकरा."

"बारावी?"

जगदीशबाबूंनी हातातली यादी बघितली. "उरईवाले साहब, दुबेजी. वो तो चाय से पहले ही निकल गए. झाँसी की गाड़ी पकड़नी थी उनको, चारबाग स्टेशन से."

"कब की है?"

"पौने दो की."

ह्यांनी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांचा चेहरा पुन्हा पिवळा दिसत होता, ओठ सुकले होते. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते जगदीशबाबूंना घेऊन.

"तू दुबेजींना ओळखतेस?"

"नाही. तुम्ही?"

"मीही नाही." हे पायऱ्या उतरायला लागले. "डब्याडब्यात शोधू. तू विचार, मी बघतो. तुझा आवाज चांगला लागलाय आज."

रागाने म्हणाले की कशाने, ते मला त्या वेळी कळलं नाही आणि विचारायला सवड नव्हती. फाटकाबाहेर एकच रिक्षा उभी होती. ह्यांना आधी चढवलं, ओचा घट्ट धरून मी चढले. हजरतगंजच्या वळणावर टांगे आणि मोटारी अडकून पडल्या होत्या.

"भैया," मी रिक्षावाल्याला म्हणाले. त्याने ऐकलं नाही. मी पुढे वाकले आणि ओरडले, "भैया, ज़रा जल्दी!"